डॉक वॉटसनची लाइव्ह रेकॉर्डिंग्ज: कुठून सुरू करावं आणि काय ऐकावं?

सांजवात
अमेरिकन लोकसंगीतातला गिटारवादक-गायक डॉक वॉटसन (१९२३-२०१२) याची स्टुडिओत केलेली रेकॉर्डं मिळवायला कष्ट पडत नाहीत. गाडी अडते ती लाइव्हपाशी. १९६२ पासून पुढच्या चार-पाच दशकांचा ढीग आहे, तीच गाणी पुन्हा पुन्हा येतात आणि स्ट्रीमिंगवर सगळं एकत्र कालवलेलं असतं. कुठल्या क्रमाने ऐकावं? एकच चाल पाच मैफलींतली ऐकली तर नेमकं काय सापडतं? आणि जुन्या टेपांचा खरखराट कमी करण्याच्या फंदात पडावं की नाही?

माझं मत आधीच सांगून टाकते: स्टुडिओतला डॉक नीटनेटका, मैफलीतला डॉक खरा. पटत नसेल तर भांडा.

गोटीराम
डॉक म्हणजे डॉक्टर का? कुठल्या विषयात?

टेपमास्तर
गोटीराम, पीएचडी नाही. खरं नाव आर्थेल लेन वॉटसन. लेनॉर गावात एका फर्निचरच्या दुकानातून रेडिओचा थेट कार्यक्रम चालू होता. निवेदकाला 'आर्थेल' जड वाटलं, तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, याला 'डॉक' म्हणा. चिकटलं ते कायमचं.

आता मूळ प्रश्न. सुरुवात १९६२-६३ च्या न्यूयॉर्कपासून करा. गर्डीज फोक सिटी या छोट्या क्लबमधलं ध्वनिमुद्रण शुगर हिल कंपनीने २००१ साली सीडीवर आणलं. माणूस चाळिशीला टेकलेला, पण शहरी श्रोत्यांपुढे नवखा. बहुतेक वेळ हाताशी सूर धरणारं दुसरं कुणी नाही. त्यामुळे बेस, ठेका आणि चाल ही तिन्ही कामं एक गिटार कशी करते ते उघडं दिसतं. त्याला लागूनच अमेरिकेतल्या केंब्रिजच्या क्लब ४७ मधली फेब्रुवारी १९६३ ची मैफल ऐका, ती २०१८ मध्ये बाहेर आली. सव्वीस तुकडे आहेत, गिटार, बँजो, हार्मोनिका सगळं. दोन्ही रेकॉर्डिंग्ज एकाच हंगामातली असल्यामुळे तुलना सोपी जाते.

खर्जातला_सा
टेपमास्तरांशी असहमत. नव्या माणसाला १९६२ वर बसवलं की तो दहा मिनिटांत उठतो. एकटी गिटार, एक आवाज, मागे खोकणारे श्रोते. सुरुवात व्हॅनगार्ड कंपनीच्या 'ऑन स्टेज' या डबल एलपीने करावी. मुलगा मर्ल सोबत आहे, त्यामुळे दोन गिटारींचं विणकाम मिळतं. गाण्यांमधलं बोलणं कापलेलं नाही, विनोद आहेत, लोक हसतात. मैफल कशी चढते हे कळायला एवढं पुरतं. तिथून मागे १९६२ ला जा, मग पुढे या.

चिंचेचं_पान
+१ खर्जातला_सा. आणि 'ऑन स्टेज' ऐकताना शफल बंद करा. हे फार लोक चुकतात. सीडीवर किंवा स्ट्रीमिंगवर पुढच्या गाण्याची प्रस्तावना बहुतेक वेळा आधीच्या ट्रॅकच्या शेवटाला जोडलेली असते. शफल चालू असेल तर डॉक एक गाणं समजावून सांगतो आणि वाजतं भलतंच. अ‍ॅपमध्ये अजून दोन गोष्टी बघा: 'क्रॉसफेड' शून्यावर हवं, नाहीतर टाळ्यांवर पुढचा ट्रॅक चढतो. आणि आवाज सारखा करण्याची सोय 'ट्रॅक'वर न ठेवता 'अल्बम'वर ठेवा किंवा बंद करा. ट्रॅकवर ठेवली की हळू वाजवलेलं गाणं कृत्रिमरीत्या वर चढतं आणि मैफलीतला चढउतार सपाट होतो.

उनाड_पाटी
पण तीच गाणी पुन्हा पुन्हा का ऐकायची? आपल्याकडे यमन शंभर वेळा ऐकतात कारण दर वेळी मांडणी वेगळी असते. इथे तर चाल बांधलेली आहे. ३२ मात्रांत, पुन्हा तेच.

खर्जातला_सा
३२ मात्रा नाहीत, ३२ बार. बहुतेक फिडल ट्यून्सचा (व्हायोलिनवर वाजणाऱ्या नाचाच्या चालींचा) आराखडा असा: पहिला भाग आठ बार, तो दोनदा. दुसरा भाग आठ बार, तोही दोनदा. एक फेरी ३२ बारांची. आपल्या सवयीने मोजायचं तर एका बारात केरव्याचं एक आवर्तन बसवा: धा गे न ति न क धि न, आठ अक्षरं आणि पिकचे (तार छेडायच्या चपट्या तुकड्याचे) आठ ठोके. खाली, वर, खाली, वर. पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या ठोक्याला पिक खालीच जातं. मधला एखादा स्वर गाळला तरी हात हवेत फिरतो, क्रम मोडत नाही. डॉकच्या वेगाचं गुपित निम्मं इथे आहे.

बदल कुठे होतो? दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत. पहिल्या फेरीत तो चाल जवळपास जशीच्या तशी सांगतो. पुढच्या फेरीत तीच चाल वरच्या सप्तकात नेतो, किंवा लांब स्वराच्या जागी आठही ठोके भरतो, किंवा भाग संपताना खालच्या तारांवर उतरण्याची वाट बदलतो. १९७४ च्या मे महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या बोर्डिंग हाउसमध्ये झालेल्या मैफलींचा सात सीडींचा संच २०१७ मध्ये निघाला, ध्वनिमुद्रण औस्ली स्टॅनलीचं. संचाच्या नावाचा अर्थच साधारण 'एकदाही तसंच नाही' असा आहे. लागोपाठच्या रात्री, तीच माणसं, तीच गिटार, तीच खोली. फरक उरतो तो फक्त वाजवण्यातला. उनाड_पाटी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या संचात आहे.

ढोलीबाजा
केरव्याशी तुलना अर्धीच खरी. अक्षरं बसतात, वजन बसत नाही. केरव्यात समेवरचा 'धा' जड. इथे गिटारवाला बेसचा स्वर पहिल्या आणि पाचव्या अक्षरावर मारतो आणि कॉर्डचा झटका तिसऱ्या आणि सातव्यावर देतो: बूम-चक, बूम-चक. नाचणाऱ्याचा पाय 'बूम'वर पडतो आणि उचल 'चक'वर असते. टाळी 'चक'वर द्या. 'बूम'वर दिलीत तर गाणं लष्करी कवायतीसारखं ऐकू येईल आणि दोष डॉकला द्याल.

खर्जातला_सा
ढोलीबाजा, मान्य. तिसऱ्या आणि सातव्यावर.

मी_नाही_त्यातली
टाळी देताना शेजाऱ्यांनी दार वाजवलं तर ते कितव्या अक्षरावर धरायचं?

ढोलीबाजा
समेवर. शेजारी नेहमी समेवर येतात.

कॅरीकर
दोन माहितीचे तुकडे, दोन्ही इथल्या चर्चेला लागून.

फिडलच्या चाली गिटारवर आल्या कशा? १९५३ मध्ये डॉकने लेस पॉल इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि जॅक विल्यम्सच्या नाचाच्या बँडमध्ये वाजवायला लागला. बँडमध्ये फिडलवाला नव्हता, पण स्क्वेअर डान्सला फिडलच्या चाली तर हव्यातच. म्हणून त्या गिटारवर. १९६० मध्ये लोकसंगीताचा अभ्यासक राल्फ रिन्झलर क्लॅरन्स अ‍ॅशली या जुन्या गायकाचं ध्वनिमुद्रण करायला आला, तेव्हा हा इलेक्ट्रिकवालाच समोर आला. रिन्झलरला जुन्या वळणाचं संगीत हवं होतं, म्हणून उसन्या मार्टिन डी-१८ वर काम भागवलं. सुरुवातीच्या लाइव्ह रेकॉर्डिंगमध्ये इतक्या वेगात इतके स्वच्छ स्वर येतात, त्यामागे नाचाच्या फरशीवर रात्र रात्र घासलेली ती आठ वर्षं आहेत. न्यूयॉर्कच्या श्रोत्यांना वाटलं डोंगरातून शुद्ध परंपरा उतरून आली. आली होती, पण वाटेत अ‍ॅम्प्लिफायरला जोडून.

दुसरं. मर्लचं पूर्ण नाव एडी मर्ल वॉटसन, एडी अर्नल्ड आणि मर्ल ट्रॅव्हिस या कंट्री संगीतवाल्यांवरून. म्हणजे घरात कंट्रीचा रेडिओ किती वाजत असेल बघा. जन्म १९४९, मृत्यू ऑक्टोबर १९८५, ट्रॅक्टरच्या अपघातात. लाइव्ह रेकॉर्डिंगचे सरळ तीन कालखंड पडतात: १९६४ च्या आधी एकटा किंवा घरच्यांबरोबर, १९६४ ते १९८५ मर्लबरोबर, नंतर जॅक लॉरेन्स आणि इतरांबरोबर.

टेपमास्तर
कॅरीकर, 'घरच्यांबरोबर' हा भाग लोक वगळतात. तसं करू नका. सासरा गेदर कार्लटन फिडल वाजवायचा. ऑक्टोबर १९६२ मध्ये ग्रीनिच व्हिलेजमध्ये दोघांच्या दोन मैफली झाल्या. पीटर सीगलने त्या टेपवर घेतल्या आणि स्मिथसोनियन फोकवेज या कंपनीने २०२० मध्ये प्रसिद्ध केल्या. तिथे डॉक मागे बसतो. वेग कमी, दाखवणं शून्य. फिडल एखादा स्वर किंचित चढा लावतं आणि डॉकचा बँजो त्याला तसाच धरून राहतो, दुरुस्त करत नाही. 'ऑन स्टेज'चा डॉक ऐकून मग हे ऐकलं की कळतं, तो किती ठिकाणी हात आवरू शकत होता.

मँडोलिनवाल्या बिल मन्रोबरोबरची जुगलबंदी (१९६३ ते १९८० मधली, सीडी १९९३ ची) याच्या अगदी उलट. मन्रोचं मँडोलिन ठेक्याच्या टोकावर बसतं, थोडं पुढेच ढकलतं. डॉक मागे खेचत नाही, पण पळतही नाही. हेडफोन लावून फक्त मँडोलिनच्या 'चॉप'कडे (कॉर्डच्या तुटक झटक्याकडे) लक्ष द्या, मग पुन्हा पहिल्यापासून फक्त गिटारच्या बेसकडे. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. एवढं करा, बाकी वर्णन लागणार नाही.

सांजवात
वा. टेपमास्तर, खरखराटाचं राहिलं. आणि एक शंका: काही रेकॉर्डिंग्जवर गिटार कुठल्याच पट्टीत बसत नाही. सोबत वाजवायला गेलं की डी आणि ई फ्लॅटच्या मध्येच कुठेतरी अडकतं. गिटारच अशी लावलेली की टेपचा वेग चुकलेला?

टेपमास्तर
दोन्ही शक्य. तिथेच गंमत आहे.

टेप दोन टक्के जलद फिरली तर सूर ३४ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) वर जातो, म्हणजे साधारण एक तृतीयांश श्रुती... चुकलो, एक तृतीयांश अर्धस्वर. पूर्ण अर्धस्वर चढायला जवळपास सहा टक्के लागतात. पण गिटारच्या सुरावरून टेपचा वेग ठरवू नका. एकटा वाजवणारा आपापसात तारा जुळवतो, ४४० हर्ट्झच्या प्रमाण 'ए' ला बांधील नसतो.

खात्रीचा साक्षीदार आहे विजेची गुणगुण. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची. मूळ टेपवर माइकच्या वायरीतून आलेली गुणगुण असेल तर ती ६० आणि तिच्या पटीत, १२०, १८०, अशी दिसायला हवी. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन गाण्यांमधली शांत जागा निवडा, किमान दीड-दोन सेकंदांची, आणि 'प्लॉट स्पेक्ट्रम' उघडा. आकार ६५५३६ ठेवा. ४४.१ किलोहर्ट्झच्या फाइलवर त्याने ०.६७ हर्ट्झची बारकाई मिळते. १६३८४ ठेवलंत तर २.७ हर्ट्झ, ती इथे निरुपयोगी. १२० च्या जागी टोक १२२.४ ला आलं तर टेप दोन टक्के जलद. मग 'चेंज स्पीड'मध्ये गुणक ०.९८० द्या.

'चेंज पिच' वापरू नका. त्याने सूर उतरतो आणि लय तशीच जलद राहते. टेपची चूक दोन्हींत सारखी असते, दुरुस्तीही दोन्हींची एकदम हवी.

चिंचेचं_पान
टेपमास्तर, त्यात एक खड्डा आहे. गिटारच्या पाचव्या तारेवर दुसऱ्या फ्रेटचा बी १२३.५ हर्ट्झचा. शांत जागेत ती तार अजून घुमत असेल तर तिलाच गुणगुण समजाल. म्हणून १८० आणि ३०० जवळची टोकंही तपासा. तिन्हींचं प्रमाण एकच निघालं तरच विश्वास ठेवा.

आणि टोक बरोब्बर ६०.० ला असेल तर लगेच खूष होऊ नका. ती गुणगुण नंतर टेप संगणकावर उतरवताना घुसलेली असू शकते. ती नेहमी अचूक असते, मूळ टेप कितीही चुकलेली असली तरी. इकडे भारतात कुणी घरी एलपी उतरवली असेल तर ५० ला टोक दिसेल. ते आपल्या वीज मंडळाचं योगदान, डॉकचं नव्हे.

गोटीराम
वीज मंडळाचं पहिलं ध्वनिमुद्रण. खणखणीत बेस.

उनाड_पाटी
एवढी शोधाशोध कशाला? डॉक पियानो लावायचं काम करायचा. पियानो लावणारा माणूस स्वतःची गिटार ४४० लाच लावणार ना?

खर्जातला_सा
पियानो लावायचा हे खरं. निष्कर्ष चुकला. पियानो लावणारा सुरुवात एका संदर्भ स्वराने करतो आणि पुढचं सगळं स्वरांमधल्या अंतरांवर चालतं. त्याचा कान अंतरांना पक्का असतो. म्हणून डॉकची गिटार स्वतःपुरती काटेकोर लागलेली असते. क्लबमध्ये खिशात ट्यूनिंग फोर्क असेलच असं नाही, आणि उन्हाळ्याच्या मोकळ्या रंगमंचावर तारा दहा मिनिटांत उतरतात.

वर कुणी बोललं नाही ते सांगतो: हार्मोनिका. डॉक ती गळ्यातल्या स्टँडवर लावून गिटारबरोबर वाजवायचा. तिच्या पितळी पात्यांचा सूर कारखान्यात ठरलेला, गायकाच्या मर्जीने ढळत नाही. फुंकर जोरात मारली तर किंचित उतरतो, एवढंच. मैफलीत हार्मोनिकाचं एक गाणं असेल तर त्यातला मध्यम जोराचा लांब स्वर मोजा. बऱ्याच हार्मोनिका ४४२ च्या आसपास लावलेल्या येतात, त्याने फार तर आठ सेंटची चूक राहील. तेवढी चालते. पूर्ण मैफल एकाच टेपवर असेल तर त्या एका गाण्यावरून सगळ्या मैफलीचा वेग ठरवता येतो.

टेपमास्तर
हार्मोनिकाला दंडवत. मात्र टेपचं रीळ बदललं की मोजणी पुन्हा करा. बॅटरीवरच्या पोर्टेबल यंत्रात रिळाच्या शेवटी वेग पडतो.

सांजवात
हे छान झालं. आता खरखराट.

टेपमास्तर
शक्यतो हात लावू नका. खरखर जिथे जाणवते त्या भागात, ५-६ किलोहर्ट्झच्या वर, पिक तारेला लागण्याचा 'टिक्' पण असतो. खरखर पुसली की 'टिक्' बोथट होतो आणि डॉकच्या आठ ठोक्यांचे चार वाटायला लागतात. अगदीच सहन होत नसेल तर खरखरीचा नमुना पहिल्या गाण्याच्या आधीच्या शांत अर्ध्या-एक सेकंदातून घ्या. टाळ्या विरतानाचा भाग नमुना म्हणून कधीही नको, टाळ्यांचा पोत आणि खरखरीचा पोत जवळचा असतो, सॉफ्टवेअर फसतं. कपात ६ डेसिबलच्या वर नेऊ नका. मग 'रेसिड्यू' हा पर्याय निवडून काढून टाकलेलं काय ते ऐका. त्यात गिटारची चाल ओळखू आली तर जास्त खरवडलंय, मागे या.

माइकस्टँडला पाय लागल्याची धडधड मात्र बिनधास्त काढा. ५० हर्ट्झच्या खालचं कापलं तरी गिटारचं काही जात नाही. सगळ्यात खालची ई तार ८२ ची, ती डीपर्यंत उतरवली तरी ७३.

कॅरीकर
एलपी असेल तर अजून एक. फोकवेजच्या १९६३ च्या रेकॉर्डी (गायिका जीन रिचीबरोबरची फोक सिटीतली मैफल त्यांत आलीच) मोनो आहेत. स्टीरिओ कार्ट्रिजने (सुई बसवलेल्या भागाने) उतरवल्या तर डावं आणि उजवं एकत्र करून मोनो करा. गाणं दोन्हीकडे सारखं असल्यामुळे टिकतं, खाचेच्या वरखाली हालचालीतून आलेला कचरा एकमेकांना खातो. मोनोसाठी २५ मायक्रॉनची सुई मिळाली तर उत्तम, स्टीरिओची १८ ची खाचेत जरा खोल बसते आणि तिथली धूळ वाचते.

आणि कॅसेट असेल तर आधी हेडचा कोन. मोनो करून ऐकत हेडचा छोटा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा, पिकचा 'टिक्' सर्वांत धारदार होईल तिथे थांबा. हे न करता नंतर ट्रेबल वाढवणं म्हणजे करपलेल्या भाजीत मीठ घालणं.

मी_नाही_त्यातली
अवांतर: या धाग्यावर आता गाणं कमी आणि हर्ट्झ जास्त झालेत. ते 'टॉम डूली' डॉक गातो तेव्हा इतकं खुशीत का वाजतं? फाशीचं गाणं ना ते?

चिंचेचं_पान
फाशीचंच. टॉम डूलाला (गाण्यातला 'डूली' तो हाच) १ मे १८६८ रोजी स्टेट्सव्हिलला फाशी दिली, लॉरा फॉस्टरच्या १८६६ मधल्या खुनासाठी. प्रकरण नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्क्स काउंटीचं, डॉकच्या भागातलं. १९५८ मध्ये किंग्स्टन ट्रिओने ते संथ, खिन्न करून गाजवलं, म्हणून आपल्या कानात तोच भाव बसला. डॉकला ते घरच्या वडीलधाऱ्यांकडून आलं. चाल वेगळी, लय चढी, हार्मोनिकाचा तुकडा मध्ये. त्या भागात ही शेजारपाजारची हकिकत होती, आणि बातमी सांगणारा माणूस रडत बसत नाही.

उनाड_पाटी
म्हणजे त्यांचा पोवाडाच.

ढोलीबाजा
पोवाडा वीराचा असतो रे. हा आरोपीचा. आणि पोवाड्यात शाहीर बाजू घेतो, जोश चढवतो. या बॅलडमध्ये गाणारा बाजू घेतच नाही, चाल सगळ्या कडव्यांना एकच, आवाज खून सांगताना चढत नाही आणि फाशी सांगतानाही नाही. लाइव्हमध्ये हे जास्त कळतं: समोर श्रोते आहेत, आधीच्या विनोदावर हसलेत, पण गाणं सुरू झालं की तो त्यांच्याकडून काहीही मागत नाही.

गोटीराम
अवांतरात अवांतर: जुना कंट्री गायक जिमी रॉजर्स याची गाणी डॉक भरपूर गायचा. त्याच रॉजर्सचं यॉडलिंग आपल्या किशोरकुमारपर्यंत पोचलं. म्हणजे डॉक आणि किशोर गुरुबंधू.

खर्जातला_सा
गोटीराम, या धाग्यावरचं तुझं पहिलं उपयुक्त वाक्य. जपून ठेवतो.

मी_नाही_त्यातली
आता गिटारवाल्यांसाठी कुणीतरी लिहा. दोन गिटारींमध्ये डॉक कुठला आणि मर्ल कुठला हे कसं ओळखायचं?

खर्जातला_सा
तार छेडण्याच्या ढंगावरून. चपट्या पिकने एका ओळीत पळणारी, प्रत्येक स्वर सुटा असलेली ती बहुतेक डॉक. अंगठ्याचा बेस चालू ठेवून वर बोटांनी फुलं टाकणारी ती मर्ल, आणि काचेची नळी घसरवल्यासारखा आवाज आला तर मर्लच. फसगत होते ती डॉक स्वतः बोटांनी वाजवतो तेव्हा. तो फक्त अंगठा आणि तर्जनी वापरायचा, मर्ल ट्रॅव्हिससारखा. 'डीप रिव्हर ब्लूज' घ्या. ई पट्टी, अंगठा सहाव्या आणि चौथ्या तारेवर आलटूनपालटून, तळहाताची कड पुलाजवळ (तारा टेकतात त्या ब्रिजजवळ) बेसच्या तारांवर टेकवलेली. त्यामुळे बेस 'डुब डुब' असा दबका आणि वरची चाल मोकळी. ई नंतर लगेच डिमिनिश्ड कॉर्ड येतो. लोक तिथे अडखळतात, कारण डाव्या हाताने आकार बदलताना अंगठा थांबतो. उपाय एकच: डाव्या हाताने काहीही न दाबता फक्त अंगठा पाच मिनिटं चालवत ठेवायचा, मग त्यावर आकार बदलायचे, चाल अगदी शेवटी.

'ब्लॅक माउंटन रॅग' साठी दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) आणि सीचे आकार, ऐकू येतं डीमध्ये. फिडलवाले ते एमध्ये, तारा वेगळ्या लावून वाजवतात. म्हणून फिडलची नोटेशन घेऊन गिटारवर बसलात तर बोटं गुंततील. ही चाल तीन भागांची आहे, दोन नाही, मोजताना लक्षात ठेवा. लाइव्ह ट्रॅक साठ टक्क्यांवर आणून ऐका, सूर न बदलता. इथे 'चेंज टेम्पो' चालेल.

टेपमास्तर
वर दुरुस्ती करताना 'चेंज पिच' नको म्हणालो, इथे 'चेंज टेम्पो' बरोबर. कुणी गोंधळू नये म्हणून. 'चेंज स्पीड'ने टेप दुरुस्त करायची, 'चेंज टेम्पो'ने सराव करायचा.

अजून एक. १९८० नंतरच्या पुष्कळ मैफलींत गिटारचा आवाज पुलाखालच्या पिकअपमधून थेट घेतलेला असतो. तो प्लास्टिकच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखा येतो. हात तोच, गिटारही १९६८ पासून गॅलॅगर कंपनीचीच, पण लाकूड ऐकू येत नाही. दोन किलोहर्ट्झच्या आसपास तीनेक डेसिबल उतरवा, थोडं माणसात येतं. सत्तरच्या दशकातली माइकवरची रेकॉर्डिंग्ज म्हणूनच कानाला गोड.

कॅरीकर
पुस्तिकांबद्दल कुणीच बोललं नाही. फोकवेजच्या अल्बमच्या माहितीपुस्तिका स्मिथसोनियनच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत. कुठलं गाणं कुणाकडून आलं, कोणत्या खोलीत मुद्रित झालं, सगळं. डॉकचं बोलणं अ‍ॅपलाशियन उच्चारात असतं, शब्द निसटतात, तेव्हा पुस्तिका उघडी ठेवून ऐका. फोकवेज १९८७ मध्ये स्मिथसोनियनकडे आलं ते २,१६८ रेकॉर्डी कायम उपलब्ध ठेवायच्या या अटीवर. त्यामुळे 'आउट ऑफ प्रिंट' सांगून चढ्या भावाने विकणाऱ्यांकडे जायची गरज नाही.

आणि उत्तर अमेरिकेतल्यांसाठी: मर्लच्या आठवणीत १९८८ पासून विल्क्सबरोच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये एप्रिलअखेर मर्लफेस्ट होतं. रॅलीहून साधारण अडीच तास. टॉम डूलाचं विल्क्स काउंटी तेच. घडीच्या खुर्च्या न्या, रात्री स्वेटर न्या, डोंगर जवळ आहे.

उनाड_पाटी
बरं, माघार. बोर्डिंग हाउसच्या संचातून एकच चाल निवडून वेगवेगळ्या रात्रींची लागोपाठ लावली. पहिल्या फेऱ्या जवळपास सारख्या. तिसऱ्या फेरीपासून कुणीच कुणासारखं नाही. यमनाइतकं नाही, पण 'बांधलेली चाल' हे मात्र मागे घेतो.

सांजवात
मग क्रम असा लावते: आधी 'ऑन स्टेज', त्यानंतर फोक सिटी आणि क्लब ४७, मग गेदर कार्लटन, मग मन्रो, आणि शेवटी बोर्डिंग हाउसची सातही डिस्क, एका रात्री एक. टेपमास्तर, तुमचं १९६२ दुसऱ्या नंबरला सरकलं, राग मानू नका.

टेपमास्तर
राग नाही. फक्त कार्लटन तिसऱ्यावर आणि हेडफोनशिवाय, खोलीत, कमी आवाजात. ती दोन माणसं बैठकीत वाजवतायत, स्टेडियममध्ये नाही.

गोटीराम
आणि टाळी 'चक'वर.

मी_नाही_त्यातली
शेजारी आले होते. 'बूम'वर.